‘सैनिक पेशी’ : एका रूपकाचा इतिहास आणि भिवंडी

एचआयव्हीविषयी मराठीत गेल्या तीन-साडेतीन दशकांत जे प्रबोधनपर लेखन झाले, त्यात एक कल्पना थोड्याफार शब्दभेदाने सर्वत्र आढळते. घडीपत्रिका असो, आरोग्य शिबिरातले भाषण असो वा शाळेतला जीवशास्त्राचा तास असो. शरीर म्हणजे किल्ला, रक्तातील पांढऱ्या पेशी म्हणजे त्या किल्ल्याचे सैनिक, आणि हा विषाणू सैनिकांनाच गारद करतो म्हणून किल्ला पडतो, असे सांगितले जाते. मराठी मनाला हे रूपक समजावून द्यावे लागत नाही. किल्ले आणि वेढे आपल्या इतिहासकथनाचा प्राण आहेत. परंतु त्याच इतिहासकथनाने आपल्याला आणखी एक सवय लावली आहे. किल्ला पडला की आपण ताबडतोब फितूर कोण, हे विचारू लागतो.

एड्सच्या बाबतीत हा प्रश्न माणसाच्या चारित्र्यावर येऊन थांबला. दरवाजा कोणी उघडा ठेवला, याची चौकशी सुरू झाली आणि उत्तर म्हणून वेश्या, ट्रकचालक, परप्रांतीय कामगार अशी ठरलेली नावे पुढे आली. सुसान सोंटाग यांनी १९७८ मध्ये कर्करोग आणि क्षय यांच्या रूपकांवर आणि १९८९ मध्ये एड्सच्या रूपकांवर स्वतंत्र पुस्तक लिहिले, ते आपल्या अभ्यासक्रमांतून अधूनमधून डोकावते. आजाराला चिकटलेली लष्करी भाषा रुग्णालाच गुन्हेगार ठरवते, हा त्यांचा मुद्दा विद्यार्थ्यांना पटतोही. पण तो नैतिक आक्षेप म्हणून पटतो. ज्या विज्ञानाच्या नावाने हे रूपक वापरले जाते, त्या विज्ञानातच ते टिकत नाही, ही बाजू मात्र क्वचित मांडली जाते. प्रस्तुत लेखाचा विषय ती बाजू आहे, आणि तिच्यातला एक महत्त्वाचा अध्याय पुण्यात लिहिला गेला आहे.

रूपकाचे मूळ आधी पाहू. १८८२ साली सिसिली बेटावरील मेसिना येथे इल्या मेचनिकोव या रशियन प्राणिशास्त्रज्ञाने तारामाशाच्या पारदर्शक डिंभाच्या अंगात गुलाबाचा काटा खुपसला आणि काही तासांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिले, तर काट्याभोवती फिरत्या पेशींचा घोळका जमला होता. या पेशी परकी वस्तू गिळू पाहत होत्या. आक्रमण, प्रतिकार, संरक्षण ही भाषा या निरीक्षणाबरोबर जीवशास्त्रात रुजली, आणि १९०८ मध्ये मेचनिकोव यांना पॉल एर्लिख यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचा ओडेसा येथील विद्यार्थी वाल्देमार हाफकिन पॅरिसमार्गे भारतात आला. मुंबईत प्लेगची साथ सुरू असताना १० जानेवारी १८९७ रोजी त्याने स्वतः तयार केलेली लस प्रथम स्वतःला टोचून घेतली आणि मग भायखळ्याच्या तुरुंगातील स्वयंसेवक कैद्यांना टोचली. परळची हाफकिन संस्था त्याच प्रयोगशाळेचा विस्तार होय. मुंबई परिसरात ‘लस’ आणि ‘प्रतिकार’ हे शब्द कानावर पडले ते असे, साथीच्या आणि सरकारी सक्तीच्या गदारोळात. तारामाशाच्या काट्याभोवती जमलेला तो घोळका मात्र लक्षात ठेवावा. पुढे त्याचे काम आहे.

(‘पेशी’ हा आपला शब्दही गमतीचा आहे. जीवशास्त्रात तो सेल, आणि कज्जेदलालीच्या बोलीत तो न्यायालयापुढची हजेरी. एचआयव्हीबाधितांच्या वाट्याला दोन्ही पेशी आल्या.)

जून १९८१ मध्ये लॉस एंजलिस येथील पाच तरुणांच्या विचित्र न्यूमोनियाची नोंद प्रसिद्ध झाली. अशा रुग्णांच्या रक्तात एका विशिष्ट जातीच्या पांढऱ्या पेशी, म्हणजे इतर पेशींना कामाला लावणाऱ्या साहाय्यक टी-पेशी, कमालीच्या घटलेल्या आढळत. १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत विषाणू वेगळा करण्यात आला. १९८४ मध्ये लंडन आणि पॅरिस येथील दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवले, की या पेशींच्या पृष्ठभागावरील सीडी-४ नावाचे प्रथिन हेच विषाणूचे दार आहे. १९९६ मध्ये दुसरी कडी सापडली, सीसीआर-५. सूज आलेल्या जागी पेशींना बोलावून घेणारे रासायनिक निरोप ज्या ग्राहीवर पोहोचतात, त्यांपैकी ती एक. उत्तर युरोपातील काही लोकांत जन्मतःच ती सदोष असते. दोन्ही पालकांकडून तसा दोष आलेल्या व्यक्तीला या विषाणूच्या नेहमीच्या प्रकारांची लागण सहसा होत नाही. भारतात हा दोष अतिशय विरळा.

याचा अर्थ नीट लावला पाहिजे. सैनिकाचा बिल्ला आणि त्याला ‘इकडे या’ म्हणून येणारी हाक ऐकणारा कान, या दोन गोष्टींचा उपयोग करून विषाणू आत शिरतो. त्यातही निवांत बसलेल्या पेशीत त्याचे फारसे चालत नाही. पेशी उत्तेजित झाली, कामाला लागली, म्हणजे तिच्या यंत्रणेवर त्याच्या प्रती भराभर निघू लागतात. तेव्हा जिथे अधिक सैनिक आणि अधिक सज्जता, तिथे लागण अधिक सोपी! किल्ल्याच्या रूपकाला पहिला तडा इथे जातो.

प्रयोगशाळेतील ही गोष्ट माणसांच्या वस्तीत कशी दिसते, याचे उत्तर बऱ्याच अंशी पुण्याने दिले. मद्रासमध्ये १९८६ साली डॉ. सुनीती सॉलोमन आणि डॉ. सेल्लप्पन निर्मला यांच्या तपासणीतून भारतातील पहिल्या लागणी उघड झाल्या. ऑक्टोबर १९९२ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने पुण्यात राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन केली. भोसरीची ‘नारी’ ती हीच. अलीकडे तिचे नाव बदलून विषाणुशास्त्राची व्याप्ती त्यात आणली आहे. मे १९९३ पासून तिने अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या सहकार्याने पुण्यातील गुप्तरोग चिकित्सालयांत येणाऱ्या स्त्री-पुरुषांचा दीर्घकालीन अभ्यास आरंभला. या अभ्यासातून १९९७ साली जो निष्कर्ष आला, त्याने सुखवस्तू समजुतींना धक्का दिला. चिकित्सालयात आलेल्या, वेश्याव्यवसायात नसलेल्या ३९१ स्त्रियांपैकी १३.६ टक्के स्त्रिया एचआयव्हीबाधित होत्या. त्यांतील बहुसंख्य विवाहित, पतीखेरीज कोणाशी संबंध न आलेल्या. डॉ. रमण गंगाखेडकर या शोधनिबंधाचे पहिले लेखक होते. ‘दरवाजा कोणी उघडा ठेवला’ या प्रश्नाला या स्त्रियांनी काय उत्तर द्यायचे होते?

याच अभ्यासातून एक दुसरा धागा निघाला, आणि आमच्या विषयाच्या दृष्टीने तो अधिक मोलाचा आहे. जननेंद्रियावर व्रण असलेल्यांना, वारंवार व्रण होणाऱ्यांना, नव्याने एचआयव्हीची लागण होण्याचा धोका ठळकपणे जास्त दिसत होता. त्वचा फाटली म्हणून विषाणू शिरला, असे सोपे स्पष्टीकरण देता येते आणि ते अंशतः खरे आहे. पण व्रण म्हणजे केवळ फाटलेली त्वचा नव्हे. मेचनिकोवच्या काट्याभोवती जमला तसा पेशींचा घोळका व्रणाभोवती जमतो, आणि त्या घोळक्यात सीडी-४ व सीसीआर-५ धारण केलेल्या, उत्तेजित पेशी ठासून भरलेल्या असतात. विषाणूला ज्यांच्या शोधात खोल ऊतींत जावे लागले असते, त्या पेशी स्वतःच वेशीवर येऊन उभ्या राहतात.

२००३ मध्ये पुण्याच्याच गटाने दाखवले, की जननेंद्रियाच्या नागिणीची, म्हणजे हर्पीसची, नुकतीच लागण झालेल्यांना एचआयव्हीचा धोका विशेष वाढतो. मग हर्पीसवर नियमित औषध दिले तर एचआयव्ही टळेल, असा तर्क कोणीही केला असता. तो आफ्रिका आणि अमेरिका खंडांतील मोठ्या चाचणीत तपासला गेला, आणि २००८ मध्ये तो साफ फसल्याचे जाहीर झाले. व्रण कमी झाले, एचआयव्हीची लागण कमी झाली नाही. कोडे पुढच्याच वर्षी सुटले. सिएटलच्या संशोधकांनी बऱ्या झालेल्या व्रणांच्या जागचे त्वचेचे सूक्ष्म तुकडे तपासले, तर वर सारे निर्मळ दिसत असतानाही खाली सीडी-४ पेशी आठवडे, महिने तळ देऊन बसलेल्या आढळल्या. लढाई संपली होती, छावणी उठली नव्हती.

२००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेला पुण्याचा आणखी एक अभ्यास इथे सांगितलाच पाहिजे, जरी तो सांगताना जपून बोलावे लागते. २,२९८ बाधा नसलेल्या पुरुषांचा पाठपुरावा केल्यावर सुंता झालेल्या पुरुषांना एचआयव्हीची लागण होण्याचा धोका जवळजवळ सात पटींनी कमी आढळला. भारतात सुंता ही मुख्यतः मुस्लिम समाजाची रीत, तेव्हा हा फरक धार्मिक आचरणाचा असेल, अशी शंका साहजिक होती. परंतु याच पुरुषांत उपदंश, परमा आणि हर्पीस यांचे प्रमाण इतरांहून लक्षणीय कमी नव्हते. वर्तन हे कारण असते तर सर्वच रोग कमी व्हायला हवे होते. केवळ एचआयव्ही कमी झाला, याचा अर्थ संरक्षण आचरणात नव्हते, ऊतीत होते: अग्रत्वचेच्या आतील पातळ अस्तरात विषाणूला हव्या असलेल्या पेशी दाटीने असतात, आणि ती त्वचाच नसली की ते लक्ष्य नाहीसे होते. पुढे दक्षिण आफ्रिका, केनिया व युगांडा येथील चाचण्यांत स्त्रीकडून पुरुषाकडे होणारी लागण सुमारे साठ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. पुरुषाकडून स्त्रीकडे होणाऱ्या लागणीत मात्र त्यामुळे थेट संरक्षण मिळत नाही.

आता भिवंडी. २०११ च्या जनगणनेनुसार सात लाखांवर वस्तीचे, निम्म्याहून अधिक मुस्लिम असलेले हे यंत्रमागांचे शहर. उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेले कारागीर, पद्मानगरातला तेलुगू पद्मशाली समाज, मुंबई-आग्रा महामार्गावरची ट्रकांची रांग, पूर्णा-काल्हेर-मानकोलीच्या बाजूची गोदामे आणि हनुमान टेकडीची वस्ती. एड्सविषयक प्रत्येक अहवालात ‘जोखमीचे’ म्हणून जे जे नोंदले जाते, ते सारे इथे चार-पाच मैलांच्या आत आहे. म्हणून या गावाकडे पाहणाऱ्यांना वरच्या अभ्यासातून दोन चुकीचे निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. एक, अमुक समाज सुरक्षित आहे. दुसरा, अमुक समाज दोषी आहे. दोन्ही आम्ही भिवंडीत ऐकले आहेत, कधी कधी एकाच चहाच्या टेबलावर. धोका कमी होणे आणि नाहीसा होणे यांतील अंतर पहिल्याला कळत नाही, आणि मागवाल्याच्या घरच्या स्त्रीला नवऱ्याच्या सुंतेचा आडोसा मिळत नाही, हेही तो विसरतो. दुसऱ्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

अधिक गंभीर प्रश्न व्रणाचा आहे, आणि तो भाषेशी जोडलेला आहे. ‘गुप्तरोग’ हा शब्द पाहा. ‘गरमी’, ‘परमा’ हे शब्द निदान रोगाचे वर्णन तरी करतात. ‘गुप्तरोग’ रोग्याला आज्ञा करतो, की लपव. रेल्वेमार्गालगतच्या भिंतींवर ‘खात्रीशीर इलाज’ रंगवणाऱ्या वैदूंचा सारा व्यवसाय या एका शब्दावर उभा राहिला. बारा तासांची पाळी, खोलीत पाळीपाळीने झोपणारी माणसे, भिशीतले जेवण, खाडा झाला की मजुरी बुडणार. अशा कारागिराने साध्या पेनिसिलिनने बऱ्या होणाऱ्या उपदंशासाठी सरकारी रुग्णालयाच्या रांगेत उभे राहून मोठ्याने आजाराचे नाव सांगायचे! तो जात नाही. व्रण राहतो. व्रणाभोवती पेशी जमतात. फितूर शोधणाऱ्या रूपकाला हा सगळा क्रम दिसत नाही. त्याला फक्त टेकडीवर जाणारी वाट दिसते. आमच्या मते भिवंडीसारख्या गावात एचआयव्हीच्या प्रसाराला जेवढी हातभार लावणारी गोष्ट देहाचा व्यापार होती, तेवढीच न भरलेली जखम होती, आणि जखम न भरण्यामागे लाज व मजुरी या दोन्हींचा हिशेब होता.

पेशींच्या कथेला अजून वळणे आहेत. त्वचेतील लँगरहान्स पेशी दीर्घकाळ संशयित मानल्या जात, कारण त्या विषाणूला पकडून आतील टी-पेशींपर्यंत पोहोचवतात. २००७ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या संशोधकांनी दाखवले, की शांत अवस्थेत त्या लँगेरिन नावाच्या प्रथिनाने विषाणूला धरून चक्क नष्ट करतात. विषाणूचे प्रमाण फार वाढले वा दाह झाला, की मग त्यांच्या हातून तो पुढे जातो. एकच पहारेकरी, स्वस्थ असताना रक्षक आणि बावचळला की वाटाड्या. २००४ च्या सुमारास हेही स्पष्ट झाले, की लागणीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत खरा संहार रक्तात नव्हे, तर आतड्याच्या अस्तरात होतो. तेथील सीडी-४ पेशींचा मोठा भाग नाहीसा होतो, अस्तर झिरपू लागते, आतड्यातील जिवाणूंचे अंश रक्तात येतात आणि साऱ्या संरक्षणयंत्रणेला कायमचा ताप चढतो. २०१४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका गटाने दाखवले, की लसिकापिंडांत मरणाऱ्या बहुतेक सीडी-४ पेशींत विषाणूचे पुनरुत्पादन पूर्ण झालेलेच नसते. अर्धवट घुसखोरीची चाहूल लागताच पेशी दाहक पदार्थ सोडत फुटून मरते, आणि त्या दाहाने आणखी पेशी तिथे ओढल्या जातात.

उलट उदाहरण आफ्रिकेतील सूटी मँगबे माकडांचे. त्यांच्या रक्तात एचआयव्हीचा भाऊबंद असलेला विषाणू भरपूर प्रमाणात असतो, तरी ती सहसा आजारी पडत नाहीत, कारण सुरुवातीच्या खळबळीनंतर त्यांची प्रतिकारयंत्रणा शांत होते. माणसांतही औषधांशिवाय विषाणूला वर्षानुवर्षे आटोक्यात ठेवणारे थोडे लोक असतात. त्यांच्यापैकी अनेकांच्या ठायी एचएलए-बी५७ सारखे जनुकीय वेगळेपण आणि नेमक्या जागी घाव घालणाऱ्या मारक सीडी-८ पेशी आढळतात. म्हणजे लढणाऱ्या पेशींचे मोल नाहीच, असे नव्हे. मोल नेमकेपणाचे आहे. ‘रोगप्रतिकारशक्ती वाढवा’ अशी जाहिरात करणाऱ्या चूर्णे-काढ्यांच्या बाजाराला हा भेद परवडणारा नाही.

रूपकाची जागा पुढे एका आकड्याने घेतली. १ एप्रिल २००४ रोजी सरकारने निवडक केंद्रांवर एचआयव्हीची औषधे मोफत देण्यास सुरुवात केली, मुंबईचे जे. जे. रुग्णालय त्या पहिल्या केंद्रांपैकी एक. औषध कोणाला, याचे उत्तर प्रामुख्याने सीडी-४ च्या मोजणीवर ठरे. आरंभी घनमिलिमीटर रक्तात २०० हून कमी पेशी असतील त्यांना, नंतर मर्यादा ३५० पर्यंत आणि मग ५०० पर्यंत वर सरकली. २०१७ पासून लागण आढळलेल्या प्रत्येकाला औषध मिळू लागले. मधल्या काळातील ‘आकडा अजून खाली आला नाही, सहा महिन्यांनी या’ या वाक्याचे क्रौर्य आज ध्यानात येणे कठीण आहे. आजारी होण्याची पात्रता सिद्ध करण्यासाठी माणसे पुन्हा पुन्हा रक्त देत होती. धोरण बदलण्यामागे २०११ च्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासाचा वाटा होता. १,७६३ जोडप्यांच्या या अभ्यासात पुणे आणि चेन्नई ही केंद्रे होती. बाधित जोडीदाराला लवकर औषध दिले, तर दुसऱ्याला होणारी लागण ९६ टक्क्यांनी टळते, असे त्यात प्रथम जाहीर झाले. आता उपचाराचे यश रक्तातील विषाणूंच्या मोजणीने पाहतात. सीडी-४ ची मोजणी मुख्यतः आजार किती पुढे गेला आहे, क्षयासारख्या संधिसाधू रोगांचा धोका किती आहे, हे ठरवण्यापुरती उरली आहे.

औषधे विषाणूचे पुनरुत्पादन थांबवतात, त्याला संपवत नाहीत. १९९७ मध्ये तीन गटांनी याचे कारण शोधले. प्रत्येक लढाईनंतर काही टी-पेशी स्मृतिपेशी होऊन निवांत पडून राहतात. लहानपणी येऊन गेलेल्या आजाराची आणि टोचलेल्या लशीची आठवण शरीर अशाच पेशींत वर्षानुवर्षे जपते. एचआयव्ही आपली जनुके या स्मृतिपेशींच्या जनुकांत ओवून ठेवतो आणि गप्प राहतो. अखंड औषध घेऊनही हा साठा निम्मा व्हायला सुमारे ४४ महिने लागतात, म्हणजे पूर्ण संपायला साठ वर्षांहून अधिक. औषध थांबले, तर बहुतेकांत दोन-तीन आठवड्यांत विषाणू रक्तात परत दिसू लागतो.

कारागिरांच्या शहरात या दोन-तीन आठवड्यांना फार अर्थ आहे. सण, शेतीची कामे, लग्नसराई, मागांची मंदी, अशा कोणत्याही निमित्ताने भिवंडीचा कारागीर गावी जातो आणि कधी परतेल हे सांगू शकत नाही. गोळ्यांचा डबा सोबत नेला तर घरी विचारणा, न नेला तर खंड. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि माग एकाएकी थांबले, तेव्हा राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने एका वेळी तीन महिन्यांची औषधे देण्याची आणि माणूस जिथे अडकला असेल तिथल्या जवळच्या केंद्रातून ती मिळण्याची सोय करण्यास सांगितले. हजारो माणसे नाशिकच्या रस्त्याने चालत निघाली होती. २ मेच्या मध्यरात्रीनंतर भिवंडी रोड स्थानकावरून कामगारांना घेऊन पहिली विशेष गाडी गोरखपूरकडे सुटली.